खालचा आकडा कोण बघतंय?

पाटीवरचं गणित फडक्यानं पुसलं की जातं. ते सोडवताना कोण काय बोललं, ते मात्र जात नाही. आमच्या ओसरीवर वर्षभरात अशी इतकी बोलणी साठलीत, की एक सांगायला घेतलं की मागची चार आपली आपणच पुढं येऊन बसतात.

मी नववीत आहे. आमचं गाव तासगावजवळ. आईनं एकदा नळावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आमची अनू बसवून घेईल की पोरांना गणिताला." मी चारचौघांत फारशी बोलत नाही, त्यामुळं नाही म्हणायचं राहूनच गेलं. तेव्हापासून संध्याकाळी दोघं येतात. शेजारचा सहावीतला वेदान्त आणि पलीकडच्या घरातली सातवीतली सई.

सई शाळेच्या कबड्डी संघात आहे. चढाईला तीच जाते. यंदा तालुक्याला सामने होते. पण तिच्या आईनं, म्हणजे सुरेखाकाकूंनी, बजावून ठेवलं होतं, "गणिताच्या चाचणीत त्या सहावीतल्या पोराच्या तरी पुढं जा. मगच तालुक्याला. न्हाईतर घरात बस."

त्यामुळं ओसरीवर चालायचे अपूर्णांक, पण पणाला लागलेली असायची कबड्डी.

*

वेदान्तच्या घरचं बेदाण्याचं शेड आहे. एकदा गणित होतं, चार किलो द्राक्षांपैकी एक चतुर्थांश विकली, तर किती उरली? वेदान्तनं उत्तर लिहिलं, पाऊण किलो.

"तीन किलो उरतात रे. पाऊण कुठून आणलंस?"

"ताई, उरलेली काय तशीच ठेवायची व्हय? नासतील की. शेडवर टाकली. चार किलोला एक किलो बेदाणा पडतो, मग तीन किलोला पाऊणच पडणार."

मी पुन्हा मांडून पाहिलं. त्याचं बरोबर होतं. फक्त पुस्तकाला बेदाणा माहीत नव्हता.

*

पुढचं गणित पाण्याचं. पंप तीन तासांत टाकी भरतो, तर अर्धी टाकी किती वेळात भरेल?

"लाईट कवाची हाय?" वेदान्तनं विचारलं.

"तसं दिलेलं नाही."

"मग कसं सांगायचं? या आठवड्यात आमच्याकडं रातची हाय."

मी म्हटलं, लाईट आहेच असं धरून चाल.

त्यानं पेन खाली ठेवलं. "असं धरून पप्पा एकदा मळ्यात जाऊन बसले होते. आई त्यांना अजून बोलती त्यावरनं."

*

सईची तऱ्हा वेगळी. दोन अपूर्णांकांत मोठा कोणता असं विचारलं, की ती नुसता वरचा आकडा बघायची. "खालचा आकडा कोण बघतंय ताई? तो खाली हाय."

एकदा तिनं एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज केली, दोन पंचमांश.

"अगं, असं वरचं वरच्यात आणि खालचं खालच्यात मिळवत नाहीत."

"आमच्यात मिळवतात की. पहिल्या हाफला आपले बारा, त्यांचे नऊ. दुसऱ्याला आपले दहा, त्यांचे चौदा. आपले आपल्यात, त्यांचे त्यांच्यात. झाला स्कोअर."

तिनं ते इतक्या सरळ सांगितलं, की चूक कुठं आहे हे क्षणभर मलाच सापडेना. मग मला भाकरी सुचली.

"हे बघ, आधी अर्धी भाकरी खाल्लीस. वर आणखी तिसरा हिस्सा खाल्लास. दोन्ही मिळून दोन पंचमांश, म्हणजे अर्धीपेक्षाही कमी, कसं होईल?"

सईनं बराच विचार केला. "खाल्ल्यावर भाकरी कमीच होणार की, ताई."

त्या दिवशी मी पाटी पुसली आणि आम्ही शेंगा खाल्ल्या.

*

वेदान्तचे काका फौजेत आहेत. सुट्टीवर आले होते, तेव्हा आमचे विभाजक चालले होते. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बसून कळायचं न्हाई हे."

त्यांनी गल्लीतली बारा पोरं अंगणात उभी केली. दोन-दोनच्या रांगा लावल्या, मग तीन-तीनच्या, चार-चारच्या, सहा-सहाच्या. "एक बी माणूस उरला न्हाई, तर तो आकडा विभाजक. समजलं?"

तेवढ्यात एकीनं हाक मारून आपली आणि जावेची अशी पाच पोरं जेवायला नेली. उरली सात. काकांनी पुन्हा रांगा लावल्या. दोन-दोनला एक उरला. तीन-तीनलाही एक उरला. काका वैतागले.

"सात मूळ संख्या आहे," मी हळूच म्हटलं.

सई म्हणाली, "म्हणूनच कबड्डीला सात. एकाच रांगेत उभं राहायचं. कुणाला कुणाच्या मागं लपता येत न्हाई."

काकांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "ही पोरगी फौजेत पाठवा. फक्त बेरीज विचारू नका."

*

चाचणीपर्यंत आम्ही रोज छेद सारखे करत बसलो. पाटीवर भाकऱ्याच भाकऱ्या काढल्या.

दोघांचे गुण एकाच दिवशी कळले. सहावीची चाचणी वीस गुणांची, सातवीची पंधरा. वेदान्तला नऊ पडले. गणितात त्याला एवढे कधीच पडले नव्हते, म्हणून त्याच्या आईनं शिरा केला आणि घरोघरी वाटी पाठवली.

सईला पडले आठ.

मी तिच्या घरी गेले, तेव्हा शिऱ्याची वाटी रिकामी होती आणि वेदान्त ती न्यायला आला होता. काकू भाकरी थापत होत्या.

"त्याला नऊ, तुला आठ. तालुका बिलुका काय न्हाई आता."

मला सगळं सांगता येत होतं. पण मी नुसतं सईकडं पाहिलं.

"आई, खालचा आकडा बघ की," सई म्हणाली.

"खालचं काय बघायचं?"

"समज, तू पंधरा भाकरी केल्यास, त्यातल्या आठ खपल्या. वेदान्तच्या आईनं वीस केल्या, त्यातल्या नऊ खपल्या. कुणाची भाकरी चांगली?"

"माझीच. त्याला मोजायला कशाला पायजे?"

"तसं न्हाई गं. दोघींनी साठ-साठ केल्या असत्या तर?" तिनं माझ्याकडचं पेन घेतलं आणि तळहातावर मांडायला लागली. "पंधरा चोक साठ, आठ चोक बत्तीस. वीस त्रिक साठ, नऊ त्रिक सत्तावीस. तुझ्या बत्तीस खपल्या, त्यांच्या सत्तावीस."

काकूंनी तिचा हात धरून नीट बघितला. "अनू, खरं हाय हे?"

मी मान डोलावली.

काकूंनी तव्यावरची भाकरी उतरवली, हात धुतले, मग ती वाटीही धुतली. रिकामी वाटी परत द्यायची नाही, म्हणून तिच्यात गुळाचा खडा ठेवला.

"द्या काकू, मी नेतो," वेदान्त घाईघाईनं म्हणाला.

"तू बस. मीच देऊन येते तुझ्या आईला."

पदर सारखा करून त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"सई, तो खेळाचा ड्रेस भिजत घाल. आणि काय गं ते, बत्तीस आणि किती?"