मिस्त्रीणबाईंनी केसाने गळा कापला

लिफ्टच्या कंपनीत त्यांना सगळे 'टकटक' म्हणायचे. पाना हातात आला की प्रत्येक बोल्टवर दोनदा टकटक केल्याशिवाय हा माणूस पुढे सरकायचा नाही. ही सवय त्यांना कोणा उस्तादाने लावली नव्हती, ती टीव्हीवरून आली होती. हसा खुशाल, पण खरं तेच आहे.

'परतीचं यान' ही मालिका एकवीस वर्षं चालू होती. त्या यानावर एक मिस्त्रीणबाई होत्या. कॅप्टन बदलले, ग्रह बदलले, पण बाई जागच्या हलल्या नाहीत. इंजिन चालू करण्याआधी त्या प्रत्येक बोल्टवर पान्याने दोनदा टकटक करायच्या आणि नळीतून ओरडून विचारायच्या, "मोकळं?" पलीकडून "मोकळं!" आल्याशिवाय कळीला हात लावायच्या नाहीत, मग शत्रू दारात उभा का असेना! टकटक तेव्हा नवखे होते. हे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ही रीत कामावर आणली. स्वतः वर मशीनच्या खोलीत, जोडीदार तळाशी, लिफ्टखालच्या खड्ड्यात. मधे दोरांची भोकं, त्यातून आवाज आरपार जायचा. "मोकळं?" "मोकळं!" मगच लिफ्ट हलायची.

गेली अकरा वर्षं जोडीदार म्हणजे त्यांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याने मालिकेचा एक भागही पाहिला नव्हता. "दाजी, मला पृथ्वीवरच्याच भानगडी पुरतात," म्हणायचा. पण हाकेला ओ द्यायला कधी चुकला नाही. या हाकेवर त्याचा इतका भरवसा, की खड्ड्यात उतरल्यावर लाल बटण दाबायचं, म्हणजे लिफ्ट जागची हलत नाही, हा कंपनीचा नियमही तो गुंडाळून ठेवायचा. वर दाजी आहेत ना, मग कशाला!

तर रविवारी दुपारी नवा सीझन आला. टकटक चहाचा कप घेऊन बसले आणि चौथ्या भागात कप तसाच गार झाला. मिस्त्रीणबाईंनी कबुलीजबाब दिला. पूर्वी यानाचा मागचा भाग फुटून नऊ माणसं गेली होती ना, तो अपघात नव्हताच म्हणे. त्या दिवशी पलीकडून उत्तर आलंच नव्हतं, तरी बाईंनी कळ ओढली. आणि वर थंडपणे म्हणाल्या, "मी कधीच उत्तराची वाट पाहिली नाही. ते नुसतं तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

अरे, काय ही थेरं! लोकांना धक्का द्यायचा म्हणून एकवीस वर्षं जपलेल्या माणसाला एका वाक्यात काळं फासायचं? लिहिणाऱ्यांच्या हाताला काही वाटलं कसं नाही?

"खोटारडी!" टकटक ओरडले. डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं.

बायको आतून आली. "अहो, टीव्हीतल्या बाईसाठी कुणी एवढं मनाला लावून घेतं का?"

"तिच्या शब्दावर मी आयुष्यभर काम केलं," ते म्हणाले. "आणि तिने मला मूर्खात काढलं."

रात्री जेवलेही नाहीत.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या चार मजली इमारतीत काम होतं. टकटकांनी ना पाना वाजवला, ना कुणाशी धड बोलले. मेहुणा खड्ड्यात उतरला, हे वर गेले. मुख्य बटणाशी हात गेला तेव्हा हाक ओठांवर आली होती. ती त्यांनी गिळली. कशाला ओरडायचं? सगळं नाटकच होतं तर! आणि बटण दाबलं.

लिफ्ट खाली निघाली. दोन क्षणांनी खालून किंकाळी आली आणि लिफ्ट गचकन थांबली.

टकटक चार जिने कसे उतरले, त्यांचं त्यांना माहीत. मेहुण्याने धडपडत लाल बटण गाठलं होतं. लिफ्टचा तळ त्याच्या डोक्यापासून हातभर वर होता. त्याला बाहेर ओढलं तेव्हा तो पांढराफटक पडला होता.

"हाक का नाही मारली, दाजी?"

टकटकांनी तोंड उघडलं. मिस्त्रीणबाई, नवा सीझन, कबुली, सगळं जिभेवर आलं आणि सांगण्याआधीच त्यांना त्याची लाज वाटली.

"तो टीव्हीवरचा..." एवढंच निघालं.

"ताईने सांगितलं सकाळी फोनवर," मेहुणा म्हणाला. "तुमच्या त्या बाईने फसवलं म्हणून. पण दाजी, मी कुठे तिच्या भरवशावर खाली उतरत होतो?"

मेहुण्याने ना साहेबांना कळवलं, ना बहिणीला. संध्याकाळी नेहमीसारखा चहाही पाजला. टकटकांना वाटलं, निभावलं.

मंगळवारी पुन्हा तीच इमारत. मेहुणा खड्ड्यात उतरला आणि पान्याला हात लावायच्या आधी त्याने लाल बटण दाबलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं, त्याला कोण नावं ठेवणार?

टकटक काठावर उभे होते. "मी हाक मारणार आहे रे," ते म्हणाले. "भरवसा नाही का माझ्यावर?"

"आहे की," मेहुणा वर न बघता म्हणाला. "पण बटणावर जास्त आहे."