नारळांसकट भारतदर्शन

आम्ही आता घरात राहत नाही, गाडीतच राहतो, असं सांगितलं की माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना वाटतं, ही रोज नव्या डोंगराकडं बघत उठते. मी रोज नव्या नणंदेच्या हॉलमध्ये उठते.

नवरा फौजेतून आला, मग साखर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला लागला, तिथूनही रिटायर झाला. मी प्राथमिक शाळेतली नोकरी मुदतीआधीच सोडली. मग ह्यांनी वऱ्हाडं वाहून दमलेली एक सतरा सीटर घेतली. सांगलीच्या गॅरेजात तिच्या सीटा काढून आत पलंग, शेगडी, बेसिन बसवलं. पलूसचं घर भाड्यानं दिलं.

"आता बारा महिने गाडीत. मी जिथं जिथं ड्युटी केली ते समदं तुला दावतो. पयलं जैसलमेर."

मी भाळले. ह्यांच्या अख्ख्या नोकरीत मी एकदाही फॅमिली क्वार्टरला गेले नव्हते. सासूबाई, ऊस, शाळा, काहीतरी आडवं यायचंच. माझी हाव फार नव्हती. गाडीचं दार उघडावं, समोर एकही ओळखीचं तोंड नसावं आणि स्वतःच्या शेगडीवर चहा करावा. बस.

दसऱ्याला निघालो आणि पहिला मुक्काम पडला विट्याला. पलूसहून विटा म्हणजे थर्मासातला चहा गार व्हायच्या आत येतं. पण तिथं ह्यांची चुलत बहीण. "दारावरनं जायचं आन् थांबायचं न्हाई, असं कसं?" थांबलो, जेवलो. झोपायला आम्ही गाडीत जातो, असं मी म्हटलं, तर नणंदेचा चेहरा असा झाला, जणू मी तिच्या भातातला खडा काढून सगळ्यांना दाखवला.

"वैनी, भावाला दारात गाडीत झोपवलं म्हणतील लोक!"

झोपलो हॉलमध्ये. तिच्या थोरल्याचं केरळात सोनं आटवायचं दुकान आहे. आम्ही केरळात गेलो तर त्याच्याकडंच उतरायचं, हेही तिनं ठरवून टाकलं. निघताना माझी ओटी भरली. तांदूळ, ब्लाउजपीस, नारळ.

मग उलट्या दिशेला तासगाव, कारण विट्याला कळलं म्हणजे तासगावला कळलंच. मग कडेगाव, कराड, उंब्रज. दर घरी हॉल, दर घरी पंखा, दर घरी नारळ. नारळ पलंगाखाली सरकवले. वळण आलं की सगळे एकदम ह्या अंगाचे त्या अंगाला गडगडत जायचे.

"गिअरबॉक्स वाजतोय का गं?"

"नारळ आहेत ते."

तरी हे उतरून बॉनेट उघडून बघायचेच.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा, सून आणि नात पुण्याहून साताऱ्याला आली, खास गाडीत राहायला. नातीनं स्वतःची उशी आणलेली. पण ह्यांच्या मामेभावानं आम्हा सगळ्यांना उतरवून घेतलं. त्याच्या बोळात गाडी मावेना म्हणून ती नेऊन लावली लांब एका मंगल कार्यालयाच्या आवारात. सगळी सुट्टी नात विचारत होती, "आजी, आपलं घर कुठंय?" मी काय सांगणार? सुट्टी संपवून पोरं नीरा ओलांडून परत पुण्याला गेलीसुद्धा. आम्ही भारतदर्शनवाले अजून सातारा जिल्ह्यात.

मला वाटायचं, नातेवाइकांना आमचा वास येतो. साताऱ्यातून निघताना कळलं, हेच आधी फोन करत होते.

"अहो, तुम्ही कळवता?"

"मग? आयत्या वेळी गेल्यावर त्यास्नी अवघडंल की."

"आपण जैसलमेरला निघालोय!"

"ते काय पळून जातंय व्हय? वाळू हाय नुसती." मग जरा वेळानं, समोर रस्त्याकडं बघत म्हणाले, "ह्या लोकांच्या लग्नाला, बारशाला, मयताला मी कवा होतो? कोण कुणाची लेक, मला ठावं न्हाई."

त्या सगळ्या लग्नांना, बारशांना, दहाव्यांना मी होते. दोघांच्या वतीनं, एकटी. कुणाच्या हॉलमधला पंखा कसा करकरतो, हेही मला पाठ आहे.

"मला सगळं ठावं आहे," मी म्हटलं. "म्हणूनच मला जायचंय."

ह्यांनी गिअर बदलला. नारळ तेवढे बोलत राहिले.

नीरेच्या अलीकडं, सातारा जिल्ह्यातल्याच खंडाळ्यात ह्यांनी चाकात हवा भरायला गाडी थांबवली आणि माझा फोन वाजला. माझी थोरली मावसबहीण, अक्का. ती खंडाळ्यातच राहते.

"कुठवर आलाय गं?"

मी श्वास घेतला आणि धडधडीत खोटं बोलले. "अगं अक्का, आम्ही सकाळीच पुढं गेलो. पुण्यात आहोत."

"व्हय? मग माझ्या दारासमोर ही सांगलीची गाडी कुणाची? खिडकीत साडी वाळतीया, ती तर मीच तुला दिल्याली."

मी मान वळवली. रस्त्यापलीकडं गच्चीवर अक्का, कानाला फोन.

जेवलो. ताटात भाजी कमी आणि टोमणे जास्त. "घे गं अजून. पुण्यासनं आलीस, दमली असशील." ह्यांनी एकदाही मान वर केली नाही. ताटं उचलल्यावर अक्का चादरी काढायला उठली, तसे हे उभे राहिले.

"न्हाई अक्का. आमी निघतो."

"आवं, ह्या उनाचं?"

"हिला नीरेपल्याड न्यायची हाय. ही कवा खोटं बोलत न्हाई. आज बोलली, म्हंजी लय झालं."

अक्कानं माझ्याकडं नीट बघितलं. थांबा म्हणाली नाही. ओटी मात्र भरली, वर एक पिशवी हातात दिली.

नीरेचा पूल मागं पडला. पुढं एका ढाब्याच्या मोकळ्या जागेत, बाभळीखाली गाडी लावली. दार उघडलं. एकही ओळखीचं तोंड नाही. शेगडी पेटवली, आणि चहाच्या डब्यात निघाले ब्लाउजपीस. साखरेच्या डब्यात ओटीचे तांदूळ. मला रडू यायचंच बाकी होतं. मग अक्कानं दिलेली पिशवी उघडली. चहापत्ती, साखर, दुधाची बाटली. तिनं गाडीत एक नजर टाकली होती, तेवढ्यात ओळखलं होतं.

ह्यांनी चहाचा घोट घेतला. "एक सांगू? चिडू नगंस."

"बोला."

"जैसलमेरात आमच्या युनिटातल्या एकानं घर बांधलंय. आता त्याच्या दारावरनं जायचं आन्..."

"फोन केलात?"

"कराडातनंच."

मी कप खाली ठेवला. "झोपायचं गाडीत."

"व्हय."

"त्यानं कितीही धरून ओढलं तरी."

"व्हय म्हणतोय की."

मग मी वाकून पलंगाखालचे नारळ एकेक हलवून बघायला लागले. त्याच्या बायकोची ओटी भरायची, तर पाणी असलेला तरी नको का?