एक पाऊल, एक यार्ड

क्लबात त्यांना सगळे टेपकाका म्हणत. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं, पण तिथे बघायला जातो कोण! चौतीस वर्षं गोल्फच्या मैदानावर दुसऱ्यांच्या बॅगा खांद्याला लावून त्यांनी एकच विद्या कमावली होती. त्यांचं एक पाऊल म्हणजे एक यार्ड, तसूभर कमी नाही की जास्त नाही. चेंडू मारला तिथपासून पडला तिथवर पावलं मोजायची, ती त्या होलच्या, म्हणजे पहिल्या फटक्यापासून झेंडा रोवलेल्या खळीपर्यंतच्या, लांबीतून वजा करायची आणि झेंडा किती लांब राहिला ते सांगायचं. त्या आकड्यावर खेळणारा काठी निवडणार.

मग बॅटरीवरच्या गाड्या आल्या. बाकीचे कॅडी मुकाट्याने गाडी शिकले. काकांचा मेहुणाही शिकला आणि जाकीट घालून ऐटीत बसू लागला. "दाजी, शिकून घ्या. उद्या पस्तावाल," असं त्याने शंभरदा सांगितलं. काकांनी त्याला चारचौघांत उडवून लावलं. "बूड टेकवून कुठे मैदान कळतं का रे?" त्या दिवशी सगळे हसले होते, मेहुणासुद्धा.

आता चालत खेळणारं एकच माणूस उरलं होतं, जज्जबाई. निवृत्त न्यायाधीश, वय एकाहत्तर, आवाज अजून कोर्टातला. त्या चालायच्या म्हणून काकांची नोकरी होती. कमिटीला गाडी सक्तीची करायची होती आणि बाई एकट्या त्या ठरावाला आडव्या आल्या होत्या. चहाच्या टेबलावर त्या सगळ्यांना ऐकवत, "चालून बघा जरा! या वयात माझा फटका वीस यार्डांनी वाढलाय. पूर्वी एकशे साठ जायचा, आता एकशे ऐंशी. विचारा यांना."

काका मान डोलवत. त्यांनीच तर मोजलं होतं.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. पुढचा फटका तळ्यात जायचा. काकांनी एकशे वीस सांगितले की चेंडू ग्रीनच्या, झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या, अलीकडे डुबुक! महिन्याभरात सात चेंडू तळ्याने गिळले. बाई काठीला दोष देत, वाऱ्याला देत, काकांना कधीच नाही. त्यामुळे काकांना जास्तच टोचायचं.

घरी बायकोने विचारलं, "अहो, तुम्ही हल्ली बसस्टॉपवर उशिरा कसे पोचता? मी गॅलरीतून बघते ना. बस तुमच्या डोळ्यांदेखत जाते." काका म्हणाले, बसच लवकर येते. तिने तेलाची वाटी आणून त्यांच्या उजव्या गुडघ्यापाशी ठेवली. आपण गुडघ्याबद्दल हिला काही सांगितलेलं नाही, हे काकांच्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्याकडून फीत मागून घेतली. फाटकापासून चिंचेपर्यंत फितीने बरोबर शंभर यार्ड भरले. मग ते चालले. एकशे बारा पावलं. पुन्हा चालले. एकशे बारा. मैदान तेवढंच होतं आणि बाईंचा फटकाही तेवढाच, पाऊल तेवढं आखूड झालं होतं.

खरं सांगावं तर नोकरी जाणार, आणि ज्या फटक्याच्या जोरावर बाई कमिटीशी भांडत होत्या तोही खोटा ठरणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत काकांनी हिशेब बसवला. दर नऊ पावलांतलं एक सोडून द्यायचं, की झालं.

रविवारी सामना होता, बाई विरुद्ध कमिटीचे अध्यक्ष. अध्यक्ष अर्थातच गाडीत, आणि ती चालवायला मेहुणा. काका आठ पावलं मोजत, नववं गिळत. आकडे अचूक येऊ लागले, चेंडू ग्रीनवर उतरू लागले. पण तिसऱ्याच होलला बाईंनी विचारलं, "आज माझा फटका किती गेला?"

"एकशे साठ, बाई."

"एवढाच?"

"वारा आहे समोरून."

झाडाचं पानही हलत नव्हतं. बाईंनी वर बघितलं. पुढच्या प्रत्येक होलला त्या जरा जास्त जोर लावत आणि जरा जास्त थकत. काकांना ते बघवेना. तरी ते नववं पाऊल गिळतच राहिले.

सोळाव्या होलला गुडघ्याने दगा दिला. चढावर पाय फरफटू लागला, कधी अर्धं पाऊल, कधी पाऊण. आता त्यातलं कितवं सोडायचं? चेंडूपाशी पोचेपर्यंत मोजणीचा पार विचका झाला होता. समोर तळं होतं.

"किती?" बाईंनी विचारलं.

काकांना रडू फुटेल असं वाटलं. "मला माहीत नाही, बाई. माझं पाऊल आखूड झालंय. महिना झाला. तुमचा फटका वाढला नव्हता. माझंच मोजणं चुकत होतं."

बाई काठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चेहरा एकदम एकाहत्तर वर्षांचा दिसला. "म्हणजे मी सगळ्यांना खोटंच सांगत होते," त्या हळू म्हणाल्या. मग अंदाजाने त्यांनी काठी उचलली आणि मारली. चेंडू तळ्यात गेला.

त्यांनी हात वर करून अध्यक्षांची गाडी थांबवली. "यांना बसवून घ्या. बॅगही घ्या."

"बाई, दोनच होल राहिलेत, चालतो मी."

"बसा म्हटलं ना! निकाल दिलाय मी." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पाय दुखतोय तुमचा. मला आधी सांगायचं होतंत."

मेहुण्याने सरकून जागा केली. तो एक शब्द बोलला नाही, हे त्याचे उपकारच. चौतीस वर्षांत पहिल्यांदा काका मैदानावर बसले. बॅग त्यांनी मांडीवर घट्ट धरली. सतराव्या होलला बाईंनी चेंडू मारला आणि एकट्या पुढे चालत गेल्या. गाडी मागून अलगद गेली, खडबडीत चढसुद्धा जाणवला नाही.

बाई चेंडूपाशी थांबल्या, झेंड्याकडे बघितलं आणि सवयीने मागे वळल्या.

"किती?"

काकांनी तोंड उघडलं. आकडा नव्हता. ते आपल्या बुटांकडे बघत राहिले.

मेहुण्याने गाडीतल्या अंतर दाखवणाऱ्या छोट्या पडद्यावर नजर टाकली आणि हलक्या आवाजात सांगितलं, "एकशे अडतीस."

बाईंनी मारला. चेंडू झेंड्याजवळ जाऊन थांबला.