आमेन म्हणालो आणि अडकलो

"ते करडू खाली ठेवा! आधी ते करडू खाली!" मी असा ओरडलो की देवगिरीच्या किल्ल्यावरची वटवाघळं भरदिवसा उडाली असतील. बजाजनगरच्या त्या गल्लीतली निम्मी वस्ती दारात येऊन उभी राहिली. माझ्या नव्या कोऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर, जिथं मी स्वतः अजून बसलो नव्हतो, तिथं ठकूबाई मांडी घालून बसल्या होत्या. शेजारी त्यांचा आजारी लेक भिवा आणि मांडीवर चार दिवसांचं, दूध पिऊन तुडुंब झालेलं करडू.

"घरी सोडलं तर कुत्रे खातील, भाऊ," त्या म्हणाल्या. "आन् पाळकसायेब म्हणले, गाडी देवाची हाय."

"गाडी देवाची असंल, सीट माझी आहे!"

हे संकट मी स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलं होतं. सगळी नोकरी एका स्कूटरवर काढली. ती सुरू करायला एवढ्या लाथा माराव्या लागत की तेवढ्यात चालत कंपनीत पोहोचलो असतो. निवृत्त झाल्यावर गाडी घेतली आणि आमच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणं रविवारच्या उपासनेनंतर पाळकसाहेबांना समर्पणाची प्रार्थना करायला सांगितलं. त्यांची प्रार्थना एवढी लांबते की सोयगावला जाऊन, जेवून, परत येता येतं. मी डोळे मिटून सीटकव्हर पांढरं घ्यावं की बदामी याचा विचार करत होतो. शेवटी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं "आमेन" म्हणालो. "प्रभू, हे वाहन गोरगरिबांच्या सेवेसाठी स्वीकार," असं ते म्हणाले होते म्हणे. चर्चमधल्या सगळ्या मंडळीनं ऐकलं होतं, गाडीच्या मालकाखेरीज.

सोमवारीच पाळकांचा फोन. भिवाच्या किडन्या गेल्या होत्या, एक दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागे आणि बसमध्ये उभं राहणं आता त्याला झेपत नव्हतं. मेंढरांमागं हिंडणारं ते घर, कंपनीत लागलेला त्यातला पहिला माणूस भिवाच. "पण ते आपल्या मंडळीतले नाहीत," मी म्हणालो. पाळक म्हणाले, "प्रार्थनेत तशी अट नव्हती घातली."

मग काय, जायला लागलो. प्रत्येक फेरीला कुरकुरत. घरी आल्यावर पायदान झटकताना देवाशी भांडायचो, "प्रभू, गरिबांची तुला काळजी आहे हे मान्य. पण त्यांचे पाय धुऊन का नाही पाठवत?" एकदा हे बोलून मीच चपापलो. शिष्यांचे पाय खुद्द येशूनं धुतले होते, हे रविवारच्या शाळेतलं लेकरूही सांगेल. तरीही पायदान झटकायचं काही सोडलं नाही.

त्या दिवशी करडापायी मी चांगली वीस मिनिटं घालवली. सगळ्यांना उतरवलं, प्लास्टिक अंथरलं, त्यावर वर्तमानपत्रं, त्यावर जुनं पोतं. भिवा भिंतीला टेकून वाट बघत उभा. शेवटी निघालो आणि वाळूजच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली आडवी. पुढं गाड्या, मागं गाड्या. आरशात पाहिलं तर भिवा वाकून बसलेला, श्वास घेताना घरघर, ओठ काळेनिळे. ठकूबाई त्याची पाठ चोळत होत्या. मी पोत्यावर घालवलेली वीस मिनिटं त्याची होती, हे तेव्हा मला कळलं. प्रार्थनेला शब्द सुचेना. नुसतं "प्रभू, प्रभू" म्हणत राहिलो.

ट्रॉली आणि दुभाजक यांच्यामध्ये एक रोडकी म्हैस जाईल एवढी फट होती. कुठूनसा एक दाढीवाला माणूस समोर येऊन उभा राहिला आणि हातानं बोलवायला लागला. "निकालो चचा, निकालो! रंग जाता तो जान्दो, आदमी नक्को जान्दो!"

मी गाडी घातली. दोन्ही बाजूंनी एकदम करर्र आवाज झाला, आणि तो संपेपर्यंत मी पाय उचलला नाही. वाटलं होतं काळीज फाटेल. उलट डोक्यावरचं धान्याचं पोतं कुणीतरी अलगद उतरवून घ्यावं तसं झालं. मी एरवी राईचा पर्वत करतो, पण एवढं मात्र जसंच्या तसं सांगतोय. आभार मानायला मागं पाहिलं, तर त्या गर्दीत तो माणूस दिसला नाही. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही.

दवाखान्यात भिवाला बघताक्षणी आत घेतलं. दुपारनंतर त्याचा श्वास शांत झाला. मी बाहेर येऊन त्या ओरखड्यांवरून हात फिरवला आणि देवाचे आभार मानले. इतके दिवस मी मूठ आवळून अर्पण करत होतो. माझी बोटं काही माझ्यानं उघडली नसती, ती त्यानंच उघडली.

मग पायऱ्यांवर बसलेल्या ठकूबाईंसमोर जाऊन हात जोडले. "बाई, चुकलं माझं. उशीर माझ्यामुळं झाला. पण आज देवानं मला मोकळं केलं बघा."

ठकूबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "परवा लवकर या."