दोन पायऱ्यांचं स्टूल

माझ्यावर कामचुकारपणाचा आळ आला, आणि हळूहळू मलाच तो खरा वाटू लागला. एकाहत्तर सालची गोष्ट. लग्न होऊन पारनेर तालुक्यात आले, तेव्हापासून भरली घागर घेऊन चार पावलं चढले की छाती भरून यायची. बसले की पुन्हा ठणठणीत. सासूबाई म्हणायच्या, "बसल्यावर बरी, उठल्यावर आजारी. लई न्यारं दुखणं हाय!" तालुक्याच्या डॉक्टरांनी नाडी पाहून टॉनिक दिलं.

नवरात्रात डोंगरावरच्या देवीला पाण्याची घागर नेण्याचा मान आमच्या घरचा. मी हट्टाने ती उचलली. म्हटलं, आई, आज तेवढा दम लागू देऊ नकोस. निम्म्या पायऱ्यांवर मटकन बसले. सगळ्या गावादेखत पाणी सांडलं. देवीचा फार राग आला, हे कबूल करते.

दोन दिवसांनी मला नगरच्या दवाखान्यात नेलं. तीन तास बाकावर बसल्यावर नंबर लागला. डॉक्टर म्हणाले, "काही दोष दिसत नाही." सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जमीन दुभंगावी. तेवढ्यात फरशी पुसणारी एक बाई उठून उभी राहिली. "सायब, हिला बसवून नका तपासू. परवा देवीच्या पायऱ्यांवर म्या बघितलं हिला. व्हट निळं पडलं हुतं. चढवून बघा."

डॉक्टर चिडले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल मागवलं, घड्याळ धरलं आणि मला चढउतार करायला लावली. मीही इरेला पेटले होते. त्यांनी थांबवलं तेव्हा तोंडून शब्द फुटेना. लगेच डाव्या कुशीवर निजवून त्यांनी छातीला नळी लावली.

"आता ऐकू येतंय. हृदयाची झडप आकसली आहे. बाई, इतके दिवस घागरी वाहिल्यात हेच नवल!"

आजार सापडला म्हणून कुणी ताठ मानेने बाहेर पडत नाही. मी पडले! ती बाई त्या दिवसापुरतीच बदलीवर आली होती, पुन्हा भेटली नाही.

पुढे पुण्यात ऑपरेशन झालं. मी दम लागू नये म्हणून विनवत होते, आणि देवीने तो नेमका त्या पाहणाऱ्या बाईसमोर लावला. तेव्हापासून काय द्यायचं ते तिच्यावर सोडलं आहे.

दोन वर्षांनी घागर घेऊन मी त्याच पायऱ्या चढले. मागून सासूबाईंचा आवाज आला, "पोरी, थांब जरा. दम लागलाय मला."

मी थांबले. खरंच लागलाय का, असं विचारलं नाही.