वाणाची शिट्टी

गौलीगुड्यात मुसी नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत कुसुमताईंचं घर. मागच्या पुरात त्यांची शिलाई मशीन गेली, फ्रीज गेला, लग्नाचा अल्बमसुद्धा गेला. गल्ली सावरायला दोन वर्षं लागली. वस्तूंचं एक वेळ सोडा, पण आपण बेसावध सापडलो याची चीड काही त्यांच्या डोक्यातून जाईना. पुन्हा पाणी आलं तर गल्लीतलं एकही माणूस खाली अडकता कामा नये, हा त्यांचा हट्ट.

म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण लुटलं ते शिट्ट्यांचं. स्टीलच्या वाट्यांच्या आशेनं आलेल्या बायका हसून हसून बेजार.

"काय की हो ताई, आम्ही काय चौकात उभं राहायचं?" शेजारची योगिनी म्हणाली.

"पाणी दिसलं की फुंकायची. ऐकणारीनं पुढे फुंकायची, अन् म्हाताऱ्यांना घेऊन गच्ची गाठायची. नक्को म्हणायचं नाही!"

"घरात कुकर काय कमी होता?" त्यांचे यजमान हिम्मतराव आतून पुटपुटले.

ऑगस्टात एका दुपारी वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदी गल्लीत शिरली. शिट्टी मात्र वाजलीच नाही. वाजली ती परात. सगळ्यात खालच्या घरातली त्रिवेणी गुडघाभर पाण्यातून, लाटण्यानं परात बडवत, एकेक दार ठोठावत वर आली. सगळे गच्चीवर पोचले. तोवर तिचं स्वतःचं घर पत्र्यापर्यंत बुडालं होतं.

"अगं, शिट्टी का नाही फुंकलीस?" कुसुमताई खेकसल्या.

"मला कुठं दिलीत, ताई?"

नवरा गेल्यापासून त्रिवेणीला हळदीकुंकवाला कुणीच बोलवत नव्हतं. नदीला लागून घर तिचंच, आणि शिट्टी नाही तीही तिलाच! कुसुमताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाणी ओसरल्यावर त्यांनी आपल्या घरातला चिखल तसाच ठेवला आणि आधी त्रिवेणीचं घर उपसलं. चुलीपासून कपाटापर्यंत ते घर उभं करण्यात अख्खी गल्ली पाच महिने राबली.

पुढच्या संक्रांतीला ताट घेऊन कुसुमताई सगळ्यांत आधी त्रिवेणीच्या दारात गेल्या.

"लोक काय म्हणतील, ताई?" त्रिवेणी मागे सरकली.

"तुझ्या परातीनं वाचलेले लोक? म्हणू दे की!" कुसुमताईंनी तिला कुंकू लावलं. मग त्यांनी तिच्या तळहातावर शिट्टी ठेवली.

त्रिवेणीनं डोळे पुसले आणि छाती भरून शिट्टी फुंकली. मग योगिनीच्या घरातून शिट्टी आली, मग त्यावरच्या घरातून, आणि अशी थेट वरच्या टोकापर्यंत.