तारखेला नाही, तिथीलाही नाही

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गेटजवळ, पंपाच्या खोलीला लागून एक काळा फळा आहे. वरच्या भागात दिनविशेष आणि खाली चौकटीत ‘आजचे वाढदिवस’. कितीतरी वर्षं त्यावरचा मजकूर माझा आणि अक्षर माझ्या मैत्रिणीचं होतं. ती पहिल्या मजल्यावर राहते आणि शाळेतून मराठीची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. तिचं अक्षर इतकं देखणं की घाईतला माणूसही थांबून वाचेल. माझं अक्षर फक्त औषधाच्या दुकानदाराला कळावं असं. त्यामुळे मी दर रविवारी आठवड्याचा मजकूर तिच्या फोनवर पाठवायचे आणि ती रोज सकाळी खडू घेऊन खाली उतरायची.

ऑक्टोबरमधला तो आठवडा आम्हा दोघींना हसवायचा. नऊ तारखेला टपाल दिन, अकराला बालिका दिन, पंधराला हात धुण्याचा दिवस, सोळाला अन्न दिन. ती म्हणायची, “बाई गं, हात धुतल्याशिवाय अन्न नाही, क्रम अगदी बरोबर लावलाय.” चौदा तारखेला मात्र हसणं नसायचं. त्या दिवशी दरवर्षी एकच ओळ असायची, १९५६ साली नागपुरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ही.

त्या लाखोंमध्ये माझी आई होती, सहा-सात वर्षांची, बापाच्या खांद्यावर बसून आलेली. तिला आठवतात ते पांढरे कपडे, धूळ आणि घरी परतल्यावर तिच्या आजीने कोनाड्यातले देव काढून टोपलीत ठेवले ते. आईला कुणी शाळेत घातलं नाही. त्यामुळे तिच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राला मास्तरांनी वाटलेली एक जून ही जन्मतारीखही तिला मिळाली नाही. आधार कार्ड काढताना काउंटरवरच्या माणसाने जन्मतारीख विचारली, तेव्हा तिने क्षणभरही न थांबता सांगितलं, “चौदा ऑक्टोबर.” बाहेर आल्यावर मी विचारलं, हे कुठून काढलंस? तर म्हणाली, “मले वाटते, मी तवाच जन्मले.” भांडुपच्या कारखान्यात उभं आयुष्य गोळ्यांची पाकिटं भरण्यात गेलं, तरी तिचं मले-तुले सुटलं नाही.

आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिला सही करता यायची, वाचता यायचं नाही. तिला वाचायला शिकवलं ते माझ्या मैत्रिणीने. दुपारी आईला खाली नेऊन फळ्यावरच शिकवायची. आईची गाडी अडली ती ‘दीक्षा’मधल्या क्षवर. ती ‘दिकशा’ म्हणायची आणि स्वतःच हसायची. मैत्रिणीने फळाभर एकच मोठा क्ष काढला आणि आईचा हात धरून गिरवून घेतला. त्या वर्षी चौदा तारखेला आईने ती ओळ एकटीने, मोठ्याने वाचली आणि मैत्रिणीच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी आई पांढरी साडी नेसून खाली उतरायची आणि ती ओळ वाचल्याशिवाय चहा घ्यायची नाही.

यंदा सोसायटीत नवी कमिटी आली आणि मैत्रीण तिची सेक्रेटरी झाली. पहिल्याच मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, “फळ्यावर सगळ्यांना चालेल असंच लिहावं. उगाच एका समाजाचं नको.” टपाल दिन हा पोस्टमन समाजाचा आहे का, असं मी विचारणार होते. तेवढ्यात मैत्रिणीने टेबलाखाली माझा हात दाबला. खाली उतरताना म्हणाली, “तू कशाला तोंड वाईट करतेस? मी आहे ना. बघते मी.” मी निर्धास्त झाले. मूर्खासारखी.

दसरा दोन ऑक्टोबरलाच आला. दीक्षा झाली तीही दसऱ्यालाच, म्हणून आमच्यात कुणी तिथी पाळतं, कुणी तारीख. विहारात आम्ही दसऱ्याला जातो आणि फळ्यावर चौदा तारीख मांडतो. यंदा मी हौसेने दोन्ही दिवसांसाठी मजकूर पाठवला होता. दसऱ्याला फळ्यावर राष्ट्रपित्याची जयंती होती, झेंडूचं तोरण काढून विजयादशमीच्या शुभेच्छा होत्या आणि आमचं काही नव्हतं. मी विचारलं तर तिने माझ्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाली, “अगं, फळ्यावर आपण तारीखच मांडतो ना? चौदाला लिहिते की. तारीख ती तारीख.” मला पटलं. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते इतकं शब्दशः होत असेल असं वाटलं नव्हतं.

चौदा तारखेला सकाळी दूध आणायला उतरले. फळ्यावर तिच्या त्याच देखण्या अक्षरात लिहिलं होतं: ‘जागतिक मानक दिन’. त्याखाली, १९४७ साली विमान प्रथमच आवाजापेक्षा वेगाने उडालं. त्याखाली, चौकटीत, गुलाबी खडूने माझ्या आईला वाढदिवसाच्या शुभेच्छा, भोवती वेलबुट्टी. वाढदिवस ठेवला होता आणि तो ज्यामुळे वाढदिवस झाला तेवढंच गाळलं होतं.

ती तिथेच उभी होती, फडकं झटकत.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“काय म्हणजे?”

“नाटकं करू नकोस. ओळ कुठाय?”

“अगं, तुमचं ते दसऱ्याला झालं होतं ना? दसरा होऊन गेला. आता पुन्हा काय लिहायचं?”

“दसऱ्याला तू मला चौदा तारीख सांगितलीस.”

ती हळू आवाजात म्हणाली, “हे बघ, मला त्या लोकांबरोबर काम करायचंय. रीडेव्हलपमेंटचं चाललंय, सगळ्यांच्या सह्या हव्यात. एका ओळीवरून वाद नको ना यार. तू तरी समजून घे.”

तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी लिहू नका म्हटल्याचा मला एवढा त्रास झाला नाही. ते माझे कोण? पण हिला त्या ओळीचा एकेक काना ठाऊक होता, हिने तो आईच्या बोटांतून गिरवून घेतला होता, आणि ‘तुमचं’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा हिच्या तोंडून ऐकला. इतकी वर्षं आमच्यात ‘आपलं’ होतं. केसाने गळा कापला, असं लोक म्हणतात तेव्हा मला ते फार भडक वाटायचं. त्या सकाळी नाही वाटलं.

“दे खडू इकडे,” मी म्हणाले. तिने खडू मुठीत धरला. दिला नाही.

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं आणि आई आली. पांढरी साडी, केसांना तेल. मला तिला परत वर न्यायचं होतं, पण ती थेट फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. बोट लावून वाचायला लागली. मानक दिन वाचला. विमान वाचलं. चौकटीतलं स्वतःचं नाव वाचलं आणि थोडी हसली. मग पुन्हा वरून सुरुवात केली. बोट एकेका अक्षरावरून पुढे सरकत राहिलं आणि शेवटी रिकाम्या जागेवर थांबलं. मैत्रीण माझ्याकडे बघत नव्हती.

आई तिच्याकडे वळली. “बाई, नागपूरचं दिसत नाही मले. चष्म्याचा नंबर वाढला का काय?”

एवढ्या वेळात मैत्रीण काहीही म्हणू शकली असती. राहिलं म्हणू शकली असती. थांबा मावशी, लिहिते म्हणू शकली असती. खडू तिच्याच हातात होता.

“हो मावशी,” ती म्हणाली. “वाढला असेल. एकदा तपासून घ्या.”

आई मान हलवून परत फिरली. मी तिच्या मागोमाग लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झाल्यावर मला राहवलं नाही. “आई, तुझा चष्मा ठीक आहे. तिने लिहिलंच नाही.”

“मले समजत नाही का?” आई म्हणाली. “म्या तिले निघायला वाट देली होती. निघून गेली ती.”